बास्केटबॉलमधील खेळाचा पुनरारंभ

बास्केटबॉलमधील खेळाचा पुनरारंभ : बास्केटबॉलच्या सामन्यात फाउल, अन्य नियमभंग किंवा बाह्य कारण यांमुळे थांबलेला खेळ पंच ज्या रीतीने पुन्हा सुरू करतात, तिला खेळाचा पुनरारंभ असे म्हणतात. पंचाची शिटी वाजली की चेंडू ‘मृत’ होतो व घड्याळ थांबते. चेंडू पुन्हा ‘जिवंत’ कसा व्हावा, हा पुनरारंभाचा विषय होय. त्याचे तीन प्रकार आहेत : (१) मुक्त फेक, म्हणजे ज्यास खेळाडू ‘फ्री थ्रो’ म्हणतात ती, ठराविक रेषेवरून व प्रतिस्पर्ध्याच्या अडथळ्याविना बास्केटात चेंडू टाकण्याची संधी, (२) आत फेक, म्हणजे सीमारेषेबाहेरून पाच सेकंदांच्या आत मैदानातील सहकाऱ्याकडे चेंडू टाकणे, आणि (३) उडी-चेंडू, म्हणजे पंचाने दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मधोमध उंच उडविलेला चेंडू त्यांनी उडी मारून आपल्या संघाकडे वळविणे.

एका खेळाडूने एक फाउल केला असता यांपैकी कोणता प्रकार योजावयाचा, हे सहज ठरते. तथापि सामना रंगात आला असता घटना एकट्यादुकट्या घडत नाहीत. एकाने धक्का दिला की दुसरा उलट धक्का देतो, तिसरा मध्ये पडतो, बाकावरचा प्रशिक्षक पंचांशी हुज्जत घालतो व त्याच्यावर तांत्रिक फाउल लागतो. एवढे सर्व घडेपर्यंत घड्याळाचा काटा तसूभरही हललेला नसतो. अशा वेळी मुक्त फेकी कोणी व किती घ्यावयाच्या, चेंडू अखेरीस कोणाच्या हाती द्यावयाचा आणि घड्याळावर किती वेळ ठेवावयाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे पंचांना गर्जणाऱ्या प्रेक्षागारासमोर अल्पावधीत द्यावी लागतात. क्रिकेटमध्ये चेंडू मृत झाला तरी पुढचा चेंडू कोणी टाकावयाचा, हे आधीच ठरलेले असते. कबड्डीत चढाईची पाळी आळीपाळीने येते. बास्केटबॉलमध्ये मात्र चेंडूचा ताबा हीच संघाची मुख्य मत्ता असते व प्रत्येक शिटीबरोबर ती हातची जाण्याचा संभव असतो. त्यामुळे पुनरारंभाच्या नियमांचा इतिहास हा या खेळातील न्यायकल्पनेचाच इतिहास ठरतो.

आरंभीचे नियम : जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या प्रशिक्षण विद्यालयात हा खेळ सुरू केला. त्यांचे तेरा नियम १५ जानेवारी १८९२ रोजी विद्यालयाच्या द ट्रायअँगल या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या नियमांत मुक्त फेक नव्हती. खांद्याने धक्का देणे, धरणे, ढकलणे, पाडणे वा मारणे निषिद्ध होते. असे कृत्य प्रथम केल्यास त्याची फाउल म्हणून नोंद होई. दुसऱ्यांदा केल्यास पुढचा गोल होईपर्यंत खेळाडूस बाहेर बसावे लागे आणि इजा करण्याचा उघड हेतू दिसल्यास संपूर्ण सामन्यास मुकावे लागे. त्याच्या जागी बदली खेळाडू घेता येत नसे. कोणत्याही संघाने लागोपाठ तीन फाउल केल्यास प्रतिपक्षास एक गोल मिळे.

यांतील ‘लागोपाठ’ या शब्दाचा अर्थ नेस्मिथ यांनी नियमातच दिला होता : दरम्यान प्रतिपक्षाने एकही फाउल केलेला नसावा. याचा अर्थ असा की, एका संघाचे दोन फाउल झाल्यावर दुसऱ्या संघाने एक फाउल केला, तर पहिल्याची मोजणी पुन्हा आरंभापासून होई. एका पक्षाच्या दोषाने दुसऱ्या पक्षाचा दोष पुसला जावा, ही कल्पना अशा रीतीने खेळाच्या पहिल्या नियमावलीतच आढळते. परस्परविरुद्ध दंड एकमेकांत वळते करून घेण्याचे आजचे तत्त्व हे तिचेच विकसित रूप मानता येईल.

पंचांचे कामही प्रथमपासून दोघांत वाटलेले होते. एक पंच खेळाडूंवर लक्ष ठेवून फाउल नोंदवी. दुसरा चेंडूवर लक्ष ठेवून तो कोणाचा, खेळात आहे की नाही व गोल झाला की नाही, हे ठरवी आणि वेळही राखी. सीमेबाहेर गेलेला चेंडू मात्र ज्याचा हात प्रथम लागेल त्याने आत टाकावा, असा नियम होता. आत फेकण्यास पाच सेकंदांची मुदत होती व ती पाच सेकंदांची मुदत आजही कायम आहे. ‘प्रथम स्पर्श’ या नियमामुळे चेंडूमागे खेळाडूंची झुंबड उडे व ती कित्येकदा प्रेक्षकांत शिरे. काही ठिकाणी मैदानाभोवती जाळीचे पिंजरे उभारण्यात आले, त्यास हेही एक कारण होते. १९१३ मध्ये हा नियम रद्द होऊन, ज्या संघाचा स्पर्श शेवटी झाला त्याच्या प्रतिपक्षास चेंडू देण्याची पद्धत आली. चेंडूच्या ताब्याचा निर्णय चपळाईवर न सोपविता पंचावर सोपविण्याचे हे पहिले मोठे पाऊल होय.

मुक्त फेकीचा विकास : तीन फाउलांना एक गोल ही शिक्षा फार ढोबळ होती. दोन फाउल फुकट पचत आणि तिसऱ्याला मात्र पूर्ण गोलाचे मोल द्यावे लागे. म्हणून लवकरच मुक्त फेक आली. प्रथम ती २० फुटांवरून घेत; १८९४–९५ च्या हंगामापासून हे अंतर १५ फूट (सु. ४·५७ मी.) करण्यात आले. त्या वेळी मैदानी गोल व मुक्त फेक या दोहोंचे गुण समान होते. १८९५–९६ मध्ये मैदानी गोलास दोन व मुक्त फेकीस एक गुण देण्याचे ठरले. मुक्त फेकीचा हा एक गुण व त्याचे मैदानी गोलाशी असलेले एकास दोन असे प्रमाण यांवरच पुढील सर्व दंडव्यवस्था उभी राहिली.

दीर्घकाळपर्यंत संघातील कोणीही एक खेळाडू सर्व मुक्त फेकी घेऊ शके. साहजिकच प्रत्येक संघ नेमबाजीत तरबेज असा एखादा खेळाडू या कामासाठी राखून ठेवी. १९२३–२४ मध्ये ज्याच्यावर फाउल झाला त्यानेच मुक्त फेक घ्यावी, असा नियम झाला. त्यामुळे दंडाचा संबंध प्रत्यक्ष अन्याय झालेल्या व्यक्तीशी जोडला गेला. पण त्याबरोबरच कोणावर फाउल झाला हे अचूक ओळखण्याची नवी जबाबदारी पंचांवर आली. आजही चुकीच्या खेळाडूकडून मुक्त फेक घेतली जाणे, ही पंचांच्या दुरुस्त करता येण्याजोग्या चुकांपैकी एक मानली जाते.

हेतुपूर्वक फाउल व दंडाचा तोल : एकास दोन या प्रमाणातून एक डावपेच निर्माण झाला. पिछाडीवरील संघ मुद्दाम फाउल करी. प्रतिपक्षास एक मुक्त फेक मिळे, म्हणजे फार तर एक गुण. पण त्यानंतर चेंडू फाउल करणाऱ्या संघाकडे येई व त्याला दोन गुणांची संधी लाभे. अशा प्रकारे नियम मोडणाराच फायद्यात राही. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक संघटनेतील सामने १९५० च्या सुमारास या डावपेचाने कंटाळवाणे झाले होते. २१ मार्च १९५३ रोजी बॉस्टन सेल्टिक्स व सिरॅक्यूस नॅशनल्स या संघांतील सामना चार जादा डावांपर्यंत लांबला. त्यात बॉब कूझी याने केलेल्या ५० गुणांपैकी ३० गुण केवळ मुक्त फेकींचे होते. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, एनबीएने चेंडू ताब्यात आल्यावर २४ सेकंदांत बास्केटाकडे फेकलाच पाहिजे असा नियम केला व एका चतुर्थकात एका संघास फाउलांची मर्यादा घालून दिली. ती ओलांडल्यास प्रतिपक्षास जादा मुक्त फेक मिळू लागली.

सांघिक फाउलांची ही कल्पना पुढे सर्वत्र रूढ झाली. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघाने (फिबा, स्थापना जिनीव्हा, १९३२) २००० मध्ये दहा मिनिटांचे चार डाव ही रचना स्वीकारली आणि प्रत्येक डावात चार सांघिक फाउलांपर्यंत केवळ आत फेक व पाचव्यापासून दोन मुक्त फेकी असे ठरविले. प्रतिपक्षास बास्केटाकडे चेंडू टाकताना अडविल्यास ही मर्यादा लागू नसते. अशा वेळी फेक यशस्वी झाल्यास गोल धरून वर एक मुक्त फेक मिळते व अयशस्वी झाल्यास दोन, किंवा प्रयत्न तीन गुणांच्या क्षेत्रातून असल्यास तीन मुक्त फेकी मिळतात. अखिलाडू फाउलासाठी मुक्त फेकींबरोबरच चेंडूचा ताबाही त्याच संघास दिला जातो. गुन्हा करून चेंडू मिळविण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

उडी-चेंडूची पीछेहाट : आरंभीच्या काळात ‘चेंडू कोणाचा’ या अवघड प्रश्नाचे एकच उत्तर असे व ते म्हणजे उडी-चेंडू. प्रत्येक गोलानंतरही खेळ मध्यवर्तुळात उडी-चेंडूने सुरू होई. १९३७–३८ च्या हंगामात अमेरिकेत ही प्रथा बंद झाली व ज्याच्यावर गोल झाला त्या संघाने अंत्यरेषेमागून चेंडू आत टाकावा, असे ठरले. त्यामुळे खेळास गती आली व उंच मध्यखेळाडू असलेल्या संघाचा कायमचा लाभ संपला. तथापि दोघांनी एकाच वेळी चेंडू घट्ट धरला असता किंवा परस्परांवर फाउल झाले असता उडी-चेंडूच योजला जाई. पंचाने चेंडू सरळ न उडविणे, खेळाडूंनी आधीच उडी घेणे, या कारणांनी तो पुन्हा पुन्हा घ्यावा लागे व त्यातूनच नवे फाउल उद्भवत. १९८१–८२ मध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन खेळात आळीपाळीच्या ताब्याची पद्धत आली. सामन्याच्या प्रारंभीचा उडी-चेंडू तेवढा प्रत्यक्ष घेतला जातो. त्यानंतर अशी परिस्थिती उद्भवेल तेव्हा चेंडू आळीपाळीने एकेका संघास मिळतो व पुढची पाळी कोणाची, हे गुणलेखकाच्या मेजावरील बाण दाखवितो. फिबाने ही पद्धत २००३ मध्ये स्वीकारली. एनबीएने मात्र ती स्वीकारली नाही.

दुहेरी फाउल व दंडांची वजावट : दोन प्रतिस्पर्ध्यांनी साधारण एकाच वेळी एकमेकांवर फाउल केला, तर त्यास दुहेरी फाउल म्हणतात. फिबाच्या विद्यमान नियमांनुसार दोघांच्याही नावे फाउल मांडला जातो, पण मुक्त फेकी कोणासच मिळत नाहीत. खेळ सुरू करताना पुढील क्रमाने विचार होतो : त्याच सुमारास वैध गोल झाला असल्यास गोल खाणाऱ्या संघास अंत्यरेषेमागून आत फेक, एखाद्या संघाच्या ताब्यात चेंडू असल्यास किंवा तो मिळण्याचा त्याचा हक्क असल्यास त्याच संघास, घटनास्थळाच्या जवळून, आत फेक, आणि चेंडू कोणाच्याच ताब्यात नसल्यास उडी-चेंडूची परिस्थिती, म्हणजे व्यवहारात बाणानुसार आत फेक. यामागील सूत्र एकच आहे : दोष समान असतील, तर खेळ थांबण्यापूर्वी ज्याचे जे होते ते त्याला परत करावे. म्हणूनच चेंडू त्याच संघाकडे राहिल्यास २४ सेकंदांचे घड्याळही नव्याने लावले जात नाही. उरलेला वेळच त्या संघास मिळतो.

फाउल एकाच वेळी न घडता एकामागून एक, पण घड्याळ थांबलेले असतानाच घडले, तर हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो. अशा वेळी पंचांनी पुढीलप्रमाणे वागावे, अशी अपेक्षा असते. प्रथम सर्व फाउलांची नोंद करून प्रत्येकाचा दंड निश्चित करावा. नंतर ते कोणत्या क्रमाने घडले, हे ठरवावे. दोन्ही संघांविरुद्धचे समान दंड त्याच क्रमाने एकमेकांत वजा करावेत. वजा झालेले दंड जणू कधी अस्तित्वातच नव्हते, असे मानावे. तांत्रिक फाउलाचा दंड उरला असल्यास तो सर्वांआधी अंमलात आणावा. अन्य उरलेले दंड घटनाक्रमानुसार अंमलात आणावेत. चेंडूच्या ताब्याचा हक्क एकाहून अधिक दंडांत असेल, तर शेवटच्या दंडातील हक्क तेवढा खरा; आधीचे हक्क बाद होतात. काहीच उरले नाही, तर पहिल्या घटनेच्या क्षणी जी स्थिती होती तिच्यानुसार खेळ सुरू करावा. एकदा पहिल्या मुक्त फेकीसाठी किंवा आत फेकीसाठी चेंडू जिवंत झाला की, तो दंड पुढे वजावटीसाठी वापरता येत नाही.

उदा., ‘क’ संघाच्या खेळाडूने चेंडू बास्केटात टाकताना ‘ख’ संघाच्या खेळाडूने त्याच्यावर फाउल केला, पण गोल झाला. त्याला एक मुक्त फेक मिळावयाची. तेवढ्यात तो पंचांस अपशब्द बोलला व त्याच्यावर तांत्रिक फाउल लागला, ज्याचा दंडही एक मुक्त फेक असा आहे. दोन्ही दंड समान असल्यामुळे वजा होतात, गोल कायम राहतो व कोणत्याही सामान्य गोलानंतर होतो त्याप्रमाणे ‘ख’ संघ अंत्यरेषेमागून चेंडू आत टाकतो. आता समजा, वरील फेक चुकली होती; म्हणजे ‘क’ संघास दोन मुक्त फेकी मिळावयाच्या आहेत. त्या घेण्यापूर्वी ‘क’ च्या दुसऱ्या खेळाडूने अखिलाडू फाउल केला, त्याचा सूड म्हणून ‘ख’ च्या खेळाडूनेही तसाच फाउल केला आणि शेवटी ‘क’ च्या प्रशिक्षकावर तांत्रिक फाउल लागला. दोन्ही अखिलाडू फाउलांचे दंड, म्हणजे दोन मुक्त फेकी व ताबा, एकमेकांत वजा होतात. तांत्रिक फाउलाबद्दल ‘ख’ संघाचा कोणीही एक खेळाडू प्रथम एक मुक्त फेक घेतो. त्यानंतर ‘क’ च्या मूळ खेळाडूच्या दोन मुक्त फेकी होतात व दुसरीपासून खेळ नेहमीप्रमाणे पुढे चालू राहतो. चार फाउलांच्या गोंधळातून अशा प्रकारे तीनच मुक्त फेकी शिल्लक राहतात व चेंडूच्या ताब्याबद्दल वाद उरत नाही. मात्र वजा होतो तो केवळ दंड. फाउलांची नोंद पुसली जात नाही. पाचवा फाउल झालेल्या खेळाडूस बाहेर जावेच लागते.

तांत्रिक फाउलाचा दंडही पूर्वी वेगळा होता. त्यात मुक्त फेकींबरोबर चेंडूचा ताबाही प्रतिपक्षास मिळे. त्यामुळे प्रशिक्षकाच्या एका उद्गाराने सामन्याचे पारडे फिरे. २०१७ पासून फिबाने हा दंड एका मुक्त फेकीवर आणला असून त्यानंतर खेळ जेथे थांबला होता तेथूनच सुरू होतो. वर्तनदोषाचा खेळाच्या चालू स्थितीवर शक्य तितका कमी परिणाम व्हावा, हा या बदलाचा हेतू दिसतो.

अमेरिकेतील शालेय नियमपुस्तकाने या बाबतीत भिन्न मार्ग चोखाळला आहे. तेथे खरा दुहेरी फाउल आणि ‘आभासी’ दुहेरी फाउल असा भेद करतात. दुसऱ्या प्रकारात दोन्ही संघांचे फाउल घड्याळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी घडलेले असतात, परंतु एकाच वेळी किंवा त्याच दोघांत घडलेले नसतात. अशा वेळी दंडांची सरसकट वजावट न करता प्रत्येक दंड घटनाक्रमाने अंमलात आणतात व शेवटच्या फाउलाचा दंड एकटाच असता तर खेळ जसा सुरू झाला असता, तसा तो सुरू करतात. फिबाची रीत सावकाराच्या खातेवहीसारखी आहे : देणे-घेणे आधी वळते करावयाचे व बाकी तेवढी चुकती करावयाची. अमेरिकन शालेय रीतीत प्रत्येक दोषाची शिक्षा स्वतंत्रपणे भोगावी लागते. पहिलीत वेळ वाचतो व खेळ लवकर सुरू होतो. दुसरीत दोषाची जाणीव अधिक ठळक राहते.

म्यूनिकचा अंतिम सामना : पुनरारंभातील गोंधळ किती महाग पडू शकतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमधील अमेरिका व सोव्हिएट रशिया यांच्या अंतिम सामन्यात घडले. अमेरिकेने तोवर ऑलिंपिकमधील सलग ६३ सामने जिंकले होते. ९ सप्टेंबरच्या रात्री उशिरा सुरू झालेला हा सामना मध्यरात्रीनंतर संपत आला, तेव्हा रशिया ४९–४८ असा पुढे होता. तीन सेकंद उरले असता बास्केटाकडे धावणाऱ्या डग कॉलिन्सवर झुराब साकांडेलिद्झेने फाउल केला. कॉलिन्सने दोन्ही मुक्त फेकी साधल्या व अमेरिका ५०–४९ अशी पुढे गेली.

दुसऱ्या मुक्त फेकीच्या क्षणीच गुणलेखकांच्या मेजावरील भोंगा वाजला होता. आपण दोन फेकींच्या दरम्यान विराम मागितला होता, पण तो दिला गेला नाही, असे रशियाचे प्रशिक्षक व्लादिमिर कोंद्राशिन यांचे म्हणणे होते. तत्कालीन नियमांनुसार शेवटच्या मुक्त फेकीनंतर विराम देता येत नसे. रशियाने चेंडू आत टाकला. तथापि मेजाजवळील गलबल्यामुळे ब्राझीलचे पंच रेनातो रिगेत्तो यांनी एक सेकंद उरला असता खेळ थांबविला. या वेळी फिबाचे महासचिव आर. विल्यम जोन्स प्रेक्षागारातून मेजापाशी आले व घड्याळ तीन सेकंदांवर आणावे, असे त्यांनी बोटांनी दर्शविले. घड्याळ नीट लावून होण्यापूर्वीच चेंडू आत टाकला गेला; भोंगा वाजला व अमेरिकन खेळाडू विजयाच्या आनंदात नाचू लागले. पंचांनी मैदान पुन्हा मोकळे करविले. तिसऱ्या खेपेस इव्हान एदेश्कोने अंत्यरेषेमागून मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चेंडू फेकला, अलेक्सांद्र बेलोवने तो झेलून बास्केटात टाकला आणि रशिया ५१–५० असा विजयी झाला. अमेरिकेची तक्रार पाच सदस्यांच्या निवाडा-मंडळाने तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. अमेरिकन संघाने रौप्यपदके स्वीकारण्यास नकार दिला.

या वादाची चर्चा पुढे बहुधा शीतयुद्धाच्या संदर्भात झाली. खेळाच्या नियमांच्या दृष्टीने पाहता मात्र त्यात तीन वेगळे प्रश्न गुंतले होते. विरामाची मागणी मेजावरून पंचांपर्यंत वेळेवर पोहोचली नाही, हा पहिला. खेळ कोणत्या क्षणापासून पुन्हा सुरू करावा, तीन सेकंदांपासून की एका सेकंदापासून, हा दुसरा. आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा तिसरा. जोन्स हे संघटनेचे सर्वांत वजनदार अधिकारी असले, तरी चालू सामन्यात असा आदेश देण्याचा अधिकार त्यांना नियमांनी दिलेला नव्हता, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. दुसऱ्या बाजूस, विराम खरोखरच मागितला गेला असेल, तर मेजावरील चुकीचे फळ रशियाने का भोगावे, हाही प्रश्न निराधार नव्हता. विद्यमान नियमांनुसार शेवटची मुक्त फेक यशस्वी झाल्यावर दोन्ही संघांना विराम मिळू शकतो. हा नियम त्या रात्री असता, तर वादाचे मूळ कारण बहुधा उद्भवलेच नसते.

चुकांची दुरुस्ती : पंचांच्या हातून पुनरारंभात चूक झाल्यास ती किती मागे जाऊन सुधारावी, यालाही मर्यादा असावी लागते. फिबाच्या नियमांनुसार न मिळावयाची मुक्त फेक देणे, मिळावयाची न देणे व ती भलत्याच खेळाडूकडून घेणे, या चुका दुरुस्त करता येतात. तथापि चुकीनंतर घड्याळ सुरू होऊन चेंडू प्रथम मृत झाला की, तो पुन्हा जिवंत होण्यापूर्वी चूक लक्षात आली पाहिजे. त्यानंतर ती कायम राहते. दुरुस्तीपूर्वी झालेले गुण व गेलेला वेळ रद्द होत नाहीत.

ही मर्यादा उलटून गेल्यावर एनबीएमध्ये क्वचित सामन्याचा काही भाग पुन्हा खेळविण्यात आला आहे. ३० नोव्हेंबर १९८२ रोजी सॅन अँटोनिओ स्पर्स व लॉस अँजेल्स लेकर्स यांच्या सामन्यात तीन सेकंद उरले असता लेकर्सच्या नॉर्म निक्सनने मुक्त फेक टाकण्याची हुलकावणी दिली. त्याला फसून रेषेवरील दोन्ही संघांचे खेळाडू आत शिरले. पंचांनी उभयपक्षी नियमभंग मानून मध्यवर्तुळात उडी-चेंडू दिला; लेकर्सनी त्यावर बरोबरी साधली व जादा डावांत सामना जिंकला. हा पुनरारंभ नियमास धरून नव्हता, हे स्पर्सचे म्हणणे मान्य झाले. १३ एप्रिल १९८३ रोजी शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळविण्यात आले व स्पर्स ११७–११४ असे विजयी झाले. १९ डिसेंबर २००७ रोजी अटलांटा हॉक्स व मायॅमी हीट यांच्या सामन्यात शकील ओनीलचे पाचच फाउल झाले असता मेजावर सहा नोंदले गेले व त्यास बाहेर काढण्यात आले. जादा डावातील अखेरचे ५१·९ सेकंद ८ मार्च २००८ रोजी पुन्हा खेळविले गेले. त्यात कोणीही गुण केला नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो ओनील तोवर दुसऱ्या संघात गेला होता. चूक कबूल करूनही गेलेला क्षण जसाच्या तसा परत आणता येत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

भारतात : भारत १९३६ मध्ये फिबाचा सदस्य झाला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये नवी दिल्ली येथे झाली होती. भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना १९५० मध्ये झाली. राष्ट्रीय स्पर्धा फिबाच्या नियमांनुसार खेळल्या जातात, त्यामुळे वर दिलेली वजावटीची रीत व आळीपाळीचा बाण येथेही लागू आहेत. मुंबईतील नागपाडा भाग या खेळासाठी विशेष प्रसिद्ध असून भारताचा माजी कर्णधार अब्बास मुन्तसिर हा तेथलाच होय. ऑलिंपिकमधील बास्केटबॉल स्पर्धेत भारतीय पुरुष संघ १९८० मध्ये मॉस्को येथे खेळला.

सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या वाटचालीत पुनरारंभाच्या नियमांचा कल एका दिशेने राहिलेला दिसतो. तीन फाउलांना एक गोल अशा ढोबळ शिक्षेपासून प्रत्येक दोषाच्या मोजक्या दंडाकडे, चपळाई व उंची यांवर अवलंबून असलेल्या ताब्यापासून नोंदीवर आधारलेल्या ताब्याकडे, आणि पंचाच्या तात्कालिक बुद्धीपासून पायरीपायरीने करावयाच्या हिशेबाकडे हे नियम गेले आहेत. महत्त्वाच्या सामन्यांत चित्रफीत पाहून घड्याळावरील वेळ व फाउलाचे स्वरूप तपासण्याची सोयही आता उपलब्ध आहे. तरीही कोणती घटना आधी घडली व कोणती नंतर, हे प्रथम पाहणारे डोळे पंचाचेच असतात. त्यामुळे अनुभवी पंच गोंधळाच्या वेळी घाई करीत नाहीत. ते खेळाडूंना दूर करतात, सहपंचांशी बोलतात, मेजावरील नोंद पडताळतात, दोन्ही प्रशिक्षकांना निर्णय समजावून देतात व मगच चेंडू खेळाडूच्या हाती ठेवतात; कारण चेंडू एकदा जिवंत झाला की, मागील हिशेब पुन्हा उघडणे कठीण असते.